सतरावी गाडी

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी दोन पत्रं आली आणि दोन्हींना मिळून हे एकच उत्तर, तेही उशिरा. रागावू नकोस. लिहायला बसलो की डोळे मिटतात. परवा ही म्हणाली, पत्र लिहिताय की पेनाला टेकून झोपलाय?

आमच्या ठाण्यात माणसं हवीत बेचाळीस. आहेत सत्तावीस. त्यातले दोघे आजारी, तिघे कैद्यांना कोर्टात नेण्या-आणण्यात, आणि कोणी बडा माणूस गावात आला की सहा-सात जण त्याच्या गाडीमागे. उरतील त्यांनी गाव सांभाळायचं. मी पुलावरच्या नाक्यावर असतो. सकाळी सातला उभा राहतो, सुटायची वेळ तीनची, पण सहाच्या आत घर दिसत नाही. गुडघा माझ्या आधी दमतो. तू शिवून पाठवलेला पट्टा रोज बांधतो. ठाण्यातली पोरं विचारतात कुठल्या दुकानातला. मी सांगतो, बहीण शिंपीण असली की दुकानाची पायरी चढावी लागत नाही.

गावात सध्या एकच विषय आहे, तो म्हणजे आम्ही. बाजारातले दुकानदार म्हणतात पोलीस वाढवा. दुसरी मंडळी, त्यांच्या पुढे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणतात की आहेत ते दिवसभर काय करतात ते आधी सांगा, आणि दिवा फुटला म्हणून लोकांच्या गाड्या अडवणं बंद करा. नगरपालिकेत मार्चमध्ये यावर खुली सभा आहे. परवा दाढीला बसलो, तर न्हाव्याने वस्तरा गळ्याशी धरून माझं मत विचारलं. म्हटलं, बाबा, तुझं तेच माझं.

भरीला साहेबांनी नवा नियम काढलाय. दर पाळीला वीस गाड्या अडवून तपासायच्या: कागद, दिवे, नंबरपाटी. संध्याकाळी आकडा वर जातो. आकडा कमी पडला तर वरून साहेबांना बोलणी, आणि साहेबांकडून आम्हाला. पाणी उताराकडेच जायचं.

आमचा भाचा लंब्या लाँड्रीच्या व्हॅनवर रुळला का? डोकं छताला लागत नाही ना त्याचं? बाकी ठीक. तुझा लोभ आहेच, त्यावरच चाललंय.

तुझा,
धाकटा

१५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. अक्षर बघून वाटलं, मुंगी शाईत बुडून कागदावर फिरायला निघाली. पण आलं हेच पुष्कळ. गुडघ्याला शेक घे, पट्टा नुसता दाखवायला नाही दिला.

लंब्याचं विचारलंस म्हणून लिहिते. लिहावं की नाही, याचा आठवडाभर विचार केला. ऑक्टोबरात तो व्हॅनवर लागला, तेव्हापासून त्याला आमच्या गावात नऊ वेळा अडवलंय. एकदा नंबरपाटीवर चिखल होता. एकदा म्हणे सिग्नलचा दिवा हळू लुकलुकत होता. एकदा काहीच नव्हतं, कुठे निघालास एवढंच विचारलं आणि मागची सगळी गाठोडी उतरवायला लावली. हॉस्पिटलच्या धुतलेल्या चादरी, त्या रस्त्याच्या कडेला. परत धुवाव्या लागल्या. मालक रागावला तो लंब्यावर.

तो काही बोलत नाही रे. तेच वाईट आहे. आरडाओरडा केला असता तर मी दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. आता तो चौक चुकवून नदीच्या रस्त्याने लांबून जातो, उशिरा पोचतो, बोलणी खातो, घरी येऊन ताटाकडे बघत जेवतो.

आणि दुसऱ्या बाजूने सांगायचं तर जानेवारीत माझ्या दुकानाचं कुलूप तोडलं, शिलाईचं मशीन गेलं, तेव्हा तुमचा माणूस चौथ्या दिवशी आला. पंचनामा लिहिताना बिचाऱ्याची मान पडत होती. मी त्याला चहा करून दिला. मशीन अजून मिळालेलं नाही. आमच्याकडेही माणसं कमी आहेत असं तो म्हणाला. मग चौकात दिव्यांच्या चौकशीला तिघे कुठून येतात, हे मला विचारायचं होतं, पण त्याचा चेहरा बघून राहून गेलं.

म्हणून तुला विचारते, तू घरचा आहेस. समोरून शंभर गाड्या जातात त्यातली एक अडवताना तुमच्या मनात काय असतं? खरं सांग. मी भांडत नाहीये.

वहिनीला सांग, तिच्या ब्लाउजचं माप पाठव, मशीन उसनं मिळालंय. माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. लंब्याला सांग, कागद वरच्या खिशात ठेवावेत, पाटी रोज पुसावी, आणि विचारलं तेवढंच सांगावं. कारण नसताना कोणी अडवत नाही. आम्हाला काय उन्हात उभं राहायची हौस आहे? गेल्या वर्षी अशाच एका फुटक्या दिव्यापायी मी चोरीची गाडी पकडली. एकाच्या सीटखाली सुरा सापडला. ते कोणी मोजत नाही.

मंगळवारी आमचा एक शिपाई नाक्यावर चक्कर येऊन पडला. सलग सोळा तासांची ड्यूटी. त्याला सावलीत निजवून मी त्याच्याही वाटणीची पाळी केली. तेव्हा भांडत नाहीये म्हणालीस तरी मला ते भांडणच वाटलं, त्याला माझा इलाज नाही.

वीस मार्चच्या सभेत मी बोलावं असं साहेबांनी ठरवलंय. अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेला ठाण्यात मी एकटाच. भाषण टाइप करून आलंय, दीड पान. गाड्या अडवल्याने गुन्हे कमी होतात, माणसं द्या म्हणजे आणखी कमी करू, असा मजकूर. शाळेत कविता म्हणताना मी दुसऱ्या कडव्याला रडायचो हे तुला माहीत आहे. तेव्हा बघू.

माप ही स्वतः कळवणार आहे. राग धरू नकोस.

तुझा,
धाकटा

५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

राग धरायचं माझं वय गेलं. शिवाय तू दमलेला असलास की असाच खेकसतोस, लहानपणापासून.

सोमवारी मी लंब्याच्या व्हॅनमध्ये बसून गेले. त्याला सांगितलं, कापड आणायचंय, सोड मला पलीकडे. खरं म्हणजे मला बघायचं होतं. आणि चौकात अडवलंच.

शिपाई तरुण होता. उद्धट नव्हता, मला मावशी म्हणाला. शर्टाची कॉलर उलटवून पुन्हा शिवलेली. आमच्या नजरेला आधी तेच दिसतं. पाठीवर घामाचं मीठ पांढरं झालेलं. त्याने कागद बघितले, दिवे लावायला सांगितले, मागे जाऊन आला, कोणाला तरी फोन लावला. अठरा मिनिटं गेली. मग जा म्हणाला. त्याच्यावर माझा काही राग नाही.

पण त्याआधीचं सांगते. त्याने हात दाखवला आणि तो गाडीपाशी पोचायच्या आत लंब्याने इंजिन बंद केलं, काच खाली केली, दोन्ही हात स्टिअरिंगवर वर दिसतील असे ठेवले. मी पिशवीतून रुमाल काढायला गेले तर अगदी हळू, माझ्याकडे न बघता म्हणाला, आई, पिशवीत हात घालू नकोस, त्यांना आवडत नाही. असं म्हणाला जसं काही पाऊस येईल, छत्री घे, असं सांगावं.

तेवीस वर्षांचा आहे रे तो. हे त्याला मी शिकवलं नाही. त्याच्या बापाने, असता तरी, शिकवलं नसतं. तो आपला आपणच शिकला, नऊ वेळांत. सोमवारची दहावी.

तुझं भाषण तू म्हण, तुझी नोकरी आहे. मी अडवणारी कोण? फक्त म्हणताना हे तुझ्या कानावर असावं म्हणून लिहिलं. प्रकृतीला जप. दोघांवरही माझा जीव आहे, हे विसरू नकोस.

तुझी,
ताई

१४ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

माप सोबत पाठवत आहे, पण पत्राचं कारण ते नाही. तुमचं पत्र दहा तारखेला आलं. यांनी ते उभ्यानेच दोनदा वाचलं आणि गणवेशाच्या खिशात घातलं. उत्तर लिहा म्हटलं तर हो म्हणतात आणि खिडकीशी जाऊन उभे राहतात.

तुमच्या पत्राच्या आदल्या दिवशी इथे वाईट झालं. पुलाच्या अलीकडच्या गल्लीत एक बाई राहते, शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवण्या-उतरवण्याचं काम करते. दुपारी नवऱ्याने तिला मारायला सुरुवात केली. तिने आतल्या खोलीची कडी लावून पोलिसांना फोन केला. जवळ हेच होते, नाक्यावर एकटे, कारण जोडीदाराला कुठल्याशा बंदोबस्ताला नेलं होतं. हे पोचेपर्यंत अर्धा तास गेला. तोवर त्याने दार फोडलं होतं. बाई वाचली, पण डावा डोळा गेला. नवऱ्याला यांनीच धरला.

ठाण्यात सगळे म्हणतात, तुमचा काय दोष, माणसंच नाहीत. साहेबही घरी येऊन गेले. सभेच्या भाषणात ही हकीकत घाला म्हणाले, म्हणजे लोकांना कळेल माणसांवाचून काय होतं ते. हे मान डोलवत होते. साहेब गेल्यावर यांनी बूट पुसायला घेतले आणि तासभर एकच बूट पुसला.

वन्सं, बावीस वर्षांत मी यांना दमलेलं पुष्कळ बघितलं. हे दमणं नाही. मला सांगत नाहीत. तुम्हाला कदाचित सांगतील. तुम्ही काहीतरी लिहा. मोठ्यांना नमस्कार, लंब्याला आशीर्वाद, आणि आमच्यावरची सावली काढू नका.

तुमची,
वहिनी

२३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी तार मिळाली. तिकडून निघू नकोस, मी बरा आहे. हिने तुला काय लिहिलं ते मला सांगितलं. त्यातलं एक तिला माहीत नव्हतं. ते मी आता सगळ्या गावाला सांगून बसलोय, तेव्हा तुलाही सांगतो.

वायरलेसवर बाईचा फोन आल्याचं मला दोन वाजून चोवीस मिनिटांनी कळलं. तिथून तिचं घर चालत सहा मिनिटं. माझ्यापुढे एक टेंपो उभा होता. मागचा दिवा फुटलेला, कागद अर्धवट, आणि ड्रायव्हर वाद घालत होता. त्या दिवशीची ती सतरावी गाडी. तीन वाजेपर्यंत वीस व्हायच्या होत्या. मी वायरलेसवर म्हटलं, हातातलं आटोपून निघतो. नवरा-बायकोचं भांडण असेल, असंही मनात आलं; खोटं कशाला बोलू? टेंपोवाल्याने आवाज चढवला, मीही चढवला, किल्ली काढून घेतली, पावती लिहिली, शाई उमटेना म्हणून पुन्हा लिहिली. पोचलो तेव्हा दोन बावन्न झाले होते.

तिथे काय बघितलं ते लिहीत नाही.

माणसं कमी होती हे खरं. जोडीदार असता तर एकजण गेला असता. पण ताई, मी होतो ना. कोणीच नव्हतं असं नव्हतं.

सभेला नगरपालिकेचा हॉल भरला होता. एका बाजूला दुकानदार, दुसऱ्या बाजूला मुख्याध्यापिका आणि त्यांची माणसं, मधल्या वाटेत उभे राहिलेले बाकीचे. पंखा कुरकुरत होता. मी भाषणाचं पहिलं पान वाचलं: बेचाळीस, सत्तावीस, सोळा तासांची ड्यूटी. दुकानदारांनी टाळ्या वाजवल्या. पुढे त्या बाईची हकीकत होती. तिथे मला वाचता येईना. दुसऱ्या कडव्याला रडणारा मी, पण रडू आलं नाही. कागद घडी करून ठेवला आणि म्हणालो, “त्या दिवशी तिथून जवळ एक पोलीस होता. तो मी. मी दिवा तपासत होतो.” मग वर लिहिलं तसंच सांगितलं, वेळांसकट. सतरा आणि वीसचंही सांगितलं.

साहेब पायांकडे बघत होते. मुख्याध्यापिकांनी विचारलं, मग नाके बंद करावेत का? मी म्हटलं ते मला माहीत नाही, मी चोरीच्या गाड्याही पकडल्यात. मला एवढंच माहीत आहे की आकडा पुरा करायचा असला की कान बंद होतात. दुकानदारांपैकी एकाने विचारलं, मग माणसं वाढवायची की नाही? म्हटलं वाढवा, पण त्यांनाही वीसचा आकडा दिलात तर माझ्यासारखे आणखी पंधरा तयार होतील.

सगळे नाराज झाले. विषय समितीकडे ढकलला. दुसऱ्या दिवशी एका बाजूच्या पेपरात माझं अर्धं वाक्य छापलं, दुसऱ्या बाजूच्या पेपरात उरलेलं अर्धं. खात्याची चौकशी लागली आहे.

तू विचारलं होतंस, शंभरातली एक अडवताना मनात काय असतं. तेव्हा मी चिडलो, कारण उत्तर माहीत होतं. गाडी जुनी आहे का, चालवणारा तरुण आहे का, आणि हा मुकाट ऐकून घेईल का, एवढंच असतं. मोठ्या माणसाला फोन लावील असा वाटला की हात आपोआप खाली येतो. लंब्यासारखे मिळाले की आकडा लवकर होतो. हे त्याला वाचून दाखव. त्याचा मामा बोलतोय म्हण.

त्या बाईला भेटायला जावं का? मला काही सुचत नाही. तू सांगशील तसं करीन. आता फक्त तुझं पत्र यावं.

तुझा,
धाकटा

६ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून बराच वेळ मशीनवर नुसता पाय ठेवून बसले. मग लंब्याला वाचून दाखवलं. त्याने पत्र मागून घेतलं, तुझं उत्तराचं वाक्य पुन्हा मनाशी वाचलं आणि म्हणाला, मला वाटायचं माझ्या तोंडावरच काहीतरी आहे. आणि मग कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला. त्याला बरं वाटलं की वाईट, मला कळलं नाही. तुझ्यावर तो रागावला आहे हे मात्र सांगते; लपवत नाही. रागावू दे. बोलून मोकळा होईल.

तू चुकलास. मी ताई आहे म्हणून त्यावर हात फिरवून तो डाग जाणार नाही, आणि तुलाही तसं नको असेल. पण पोटातलं ओठावर आणलंस. मला त्यासाठी तुझ्याजवळ बसायला हवं होतं.

बाईकडे जायचं म्हणतोस. माफी मागायला जाऊ नकोस. बिचारी अजून दवाखान्याच्या खाटेवर, तिने आता तुझं समाधान करत बसायचं का? तिच्या नवऱ्यावर खटला उभा राहील. तेव्हा वेळा विचारतील, आणि वकील तुझ्या उशिरावरून फाटे फोडील. त्या दिवशी जे हॉलमध्ये बोललास तेच तिथे बोल, एक मिनिट इकडे-तिकडे न करता. तुझ्याकडून तिच्या उपयोगाचं एवढंच आहे.

वहिनीचं ब्लाउज शिवून झालं. तिला आधी सांग सगळं, मग मला लिहीत जा. घरातल्या माणसाला बाहेरून कळावं हे बरं नाही. उशाशी माझा हात आहे असं समज.

तुझी,
ताई

१७ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लंब्या येऊन गेला, चार दिवस राहिला, पहिले दोन माझ्याशी तुटक बोलला, हे त्याने सांगितलंच असेल. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून मोरीचा नळ दुरुस्त केला आणि आणखी बिघडवला. तेव्हा हसला.

इकडची बातमी अशी. चौकशीत माझ्यावर ठपका आला, सेवापुस्तकात शेरा पडला, आणि मला नाक्यावरून काढून ठाण्यात फोनवर बसवलंय. गुडघ्याला बरं, मनाला कठीण. फोन वाजला की आधी घड्याळ बघतो, मग उचलतो. नगरपालिकेने अखेर ठराव केला आणि जिल्ह्याच्या पोलीस कार्यालयाने तो मान्य केला: सहा महिने नुसत्या दिव्यासाठी किंवा पाटीसाठी कोणाला अडवायचं नाही, सूचना टपालाने पाठवायची, वीसचा आकडा रद्द, आणि रिकाम्या पंधरा जागांपैकी सहा भरायच्या. दुकानदार म्हणतात सहाने काय होतं. मुख्याध्यापिका म्हणतात सहा महिन्यांनी काय. आमची पोरं म्हणतात, याच्यामुळे साहेबांची बदली झाली. काही जण माझ्याबरोबर डबा खात नाहीत. चक्कर येऊन पडलेला तो मात्र बसतो. मीही फार बोलत नाही. दमायला होतं, ताई, बरोबर असण्यानेसुद्धा.

काल कोर्टात तारीख होती. साक्षीसाठी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. शेजारी एक बाई येऊन बसली, काळा चष्मा, मांडीवर कागदांची पिशवी. मी ओळखलं. तिने मला ओळखलं नाही. मी साध्या कपड्यांत, आणि त्या दिवशी तिने कोणाचं तोंड बघितलं असेल? तिने एक कागद काढून माझ्यापुढे धरला. म्हणाली, अक्षर बारीक आहे, एका डोळ्याने ओळ सुटते, जरा वाचून दाखवता का? तिच्या फिर्यादीची नक्कल होती.

मी वाचली. सुरुवातीपासून, तिने सांगितलेलं सगळं, दाराच्या आवाजासकट. फोन केल्याची वेळ दोन चोवीस. पोलीस पोचल्याची वेळ दोन बावन्न. ती म्हणाली, वेळा पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचल्या. पुढे पोचलेल्या हवालदाराचं नाव होतं. तेही वाचलं, आणि कागद खाली ठेवून म्हटलं, “हे माझं नाव आहे.”

ती माझ्याकडे वळली, म्हणजे उजव्या बाजूने, पूर्ण मान फिरवून. किती वेळ बघत होती कोण जाणे. मी माफी मागितली नाही, तू सांगितलं होतंस म्हणून. मग तिने विचारलं, “आत या वेळा अशाच सांगाल?” मी हो म्हटलं. तिने कागद घेतला, घडी घातली, पिशवीत ठेवला. उठून दुसऱ्या बाकावर जाईल असं वाटलं. गेली नाही. शिपायाने पुकारा करेपर्यंत आम्ही दोघं त्याच बाकावर बसून राहिलो.

आधी तिला बोलावलं, नंतर मला. वकिलाने खूप फाटे फोडले. मी वेळा सांगितल्या.

हिला घरी येऊन सांगितलं, मगच तुला लिहितोय. अशीच माया ठेव.

तुझा,
धाकटा